तिसरी खोडी

“जावईबापू, ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली. एकाचाही विश्वास बसला नाही, आणि तुमचाही बसायचा नाही,” असं म्हणून मी सुपारी कातरायला घेतली. गोष्टीआधी सुपारी कातरावी. ऐकणाऱ्याला पळून जायला तेवढा वेळ मिळतो, आणि तो नाही पळाला तर पुढची जबाबदारी त्याची.

शेजारच्या द्वारकाकाकूंचा हा जावई, निनाद नाव, पुण्याला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. त्या संध्याकाळी काकूच त्याला आमच्या ओट्यावर घेऊन आल्या होत्या. त्यानं मला मोबाइलवर एक गाडी दाखवली. आत पलंग, बेसिन, खिडकीत कुंडी, आणि एक जोडपं तिच्यात बसून हसत होतं. घर विकून गाडीतच राहतात म्हणे. निनादच्याही डोक्यात तेच भरलं होतं. काकू त्याच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, की याला जरा भीती घाला.

“भीती कशाची घालू? मी स्वतः बारा वर्षं राहिलोय गाडीत.”

“नऊ,” ओट्याच्या कडेला गवारीच्या शेंगा मोडत बसलेली माझी बायको मालन म्हणाली.

“मेहकरच्या उताराला आमचे ब्रेक गेले, तेव्हा हिनं नऊवारी लुगडं मागच्या दारातून सोडलं. त्यात वारा भरला म्हणून आज मी जिवंत आहे.”

“गाडी उभी होती. लुगडं वाळत घातलं होतं.”

“बघा जावईबापू. हिला सगळं आठवतं, पण उलटं.”

पलीकडे आरामखुर्चीत अण्णा, माझे वडील, डोळे मिटून पडले होते. नव्वदी ओलांडल्यापासून ते किती ऐकतात आणि किती झोपतात हे कुणालाच कळत नाही. आम्ही झोपलेत असंच धरून चालतो. सोयीचं पडतं.

“गाडीत राहायला कसं सुरू करायचं ते मोबाइलवर दिसतं तुम्हाला,” मी निनादला म्हणालो, “पण ते संपतं कसं ते कुणी दाखवत नाही. ते मी सांगतो. आमचं या माणसानं संपवलं.” आणि मी अडकित्ता अण्णांकडे रोखला.

तर ऐका.

आमची होती मॅटाडोर. रंग पिवळा, म्हणजे मूळचा पिवळा. शिलाई मशीन दुरुस्त करायचा माझा धंदा. लोणार, मंठा, जिंतूर, सेलू असे आठवडी बाजार धरून आम्ही हिंडायचो. बाजारात गाडी लावली की मागचं दार उघडायचं. अर्ध्या भागात माझी हत्यारं आणि तेलाच्या बाटल्या, अर्ध्या भागात मालनचं पायमशीन. मी बायकांच्या मशिनी दुरुस्त करायचो आणि मशीन होईतो मालन त्यांची पोलकी शिवून मोकळी व्हायची. कुठल्याशा गावात एका कोंबडीनं आमच्या टपावर अंडी घातली आणि पिल्लं जिंतूरला पोचल्यावर फुटली. ती कोंबडी पुढं दोन वर्षं हॉर्न वाजला की आरवायची.

“कोंबडी आरवत नाही,” द्वारकाकाकू म्हणाल्या.

“म्हणून तर सांगण्यासारखी गोष्ट आहे.”

आत फळ्यांचा पलंग, त्याखाली धान्याचे डबे, एक स्टोव्ह, आणि मध्ये आंब्याच्या कोयऱ्या छापलेला एक पडदा. तो पडदा ओढला की मालनचं राज्य. ती वाढली होती सतरा माणसांच्या घरात. तिथं गरम भाकरी तिच्या ताटात कधी आली नव्हती. गाडीत तिनं पहिल्या दिवशी भाकरी टाकली आणि तव्यावरची पहिली स्वतःच खाल्ली, माझ्याकडे बघत. मी दुसरीची वाट बघत बसलो. तेव्हापासून मला ती जरा बरं मानायला लागली.

एके दिवशी लोणारला असताना द्वारकाकाकूंचा फोन आला. अण्णा न्हाणीत पडले. एकदा नाही, दोनदा. दूध गॅसवर ठेवतात आणि विसरतात. आई जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. बार्शीच्या या तीन खोल्यांत अण्णा एकटेच राहायचे. काकू म्हणाल्या, विश्वनाथ, तू ये आणि काय ते बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात गाडी लावली. मला वाटलं होतं, म्हातारा अंथरुणात असेल. म्हातारा ओट्यावर आरसा टांगून दाढी करत होता.

“पडलात म्हणे अण्णा.”

“कोण म्हणालं?”

“द्वारकाकाकू.”

“तीच पडली असेल.” गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग मालनकडे. “किती दिवस?”

“आठेक दिवस.”

“कशाला? आठ दिवसांचं काय काम आहे तुझं हितं?”

मी म्हटलं, तुम्हाला भेटायला आलो. तर म्हातारा उठला, आत गेला, लोखंडी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधून परत दाढीला बसला. मला कळलं. याला वाटतंय, घर विकायला आलाय.

त्यानंतरचे दिवस, जावईबापू, मी चोराच्या घरी पाहुणा म्हणून राहिलो, आणि तोही चोराबरोबरच राहिला. मी भिंतीवरचा डास मारला की अण्णा विचारायचे, “भिंत ठोकून काय बघतोस? पक्की आहे.” मालन स्वयंपाकघरात गेली की हे साखरेच्या डब्यापाशी जाऊन उभे. रात्री आत झोपा असं ते म्हणाले नाहीत आणि मालननं विचारलं नाही. आम्ही अंगणात, आमच्या गाडीत झोपायचो.

मीही त्यांच्यावर नजर ठेवून होतो. म्हातारा चालताना प्रत्येक दाराच्या चौकटीला हात लावत चालायचा. विचारलं तर म्हणे, “वाळवी लागलीय का बघतोय.” रोज बघत होते, येता-जाता. गुडघ्यावर खपली होती, ती धोतरानं झाकायचे. कुंपणापाशी द्वारकाकाकूंशी खालच्या आवाजात बोलायचे आणि मी गेलो की दोघं एकदम शेवग्याच्या झाडाकडे बघायला लागायची.

“शेवग्याबद्दलच बोलत होतो,” काकू म्हणाल्या.

“अजून तेच म्हणा.”

मालनला मी म्हटलं, “यांनी दोघांनी मिळून आपल्याला बोलावून घेतलंय. पडले-बिडले काही नाहीत.”

मालन सुईत दोरा ओवत होती. “आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही कशावरून सामील नाही? लोणारहून निघताना तुम्ही माझं मशीन नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधलंत. जणू पुन्हा लवकर सोडायचंच नाही.”

म्हणजे अण्णांचा माझ्यावर संशय, माझा अण्णांवर आणि काकूंवर, आणि मालनचा आम्हा सगळ्यांवर. घरात चहा व्हायचा तो चौघं एकमेकांच्या कपांकडे बघत प्यायचो.

शेवटी आठ दिवस सरले. म्हातारा ठणठणीत दिसत होता. मी म्हटलं, चला. सकाळी मालननं डबे भरले, अण्णांच्या पाया पडली. मी सेल्फ मारला. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

बॅटरी बघितली. टर्मिनल घट्ट होतं. सोडवून बघितलं तर आत, खांब आणि पट्टीच्या मध्ये, कॅलेंडरच्या कागदाची बारीक घडी. वरून बघणाऱ्याला सात जन्मांत दिसली नसती. मी ती घडी हातात घेतली आणि तिथंच फूटबोर्डवर बसलो.

“काय झालं?” मालन म्हणाली.

आता इथं, जावईबापू, तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे. अण्णांचा जन्म एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गॅरेजात गेला, ट्रकखाली. तिथं मिस्त्री लोकांची एक चाल होती. एखादा ड्रायव्हर नोकरी सोडून चालला आणि तो सगळ्यांना हवासा असला, तर त्याला तोंडानं कुणी ‘जाऊ नको’ म्हणायचं नाही. असलं बोलणाऱ्याची गॅरेजात वर्षभर चेष्टा झाली असती. त्याऐवजी त्याच्या गाडीच्या खोड्या काढायच्या. पहिली खोडी सोपी, बॅटरीत कागद. ती त्यानं काढली की दुसरी, जरा अवघड. आणि तिसऱ्या वेळी एखादा बारका पार्ट काढून सरळ खिशात घालायचा. मग त्या ड्रायव्हरनं यायचं, हात पुढं करायचा आणि म्हणायचं, ‘द्या.’ द्या म्हटलं की तो राहिला. निदान जेवायला, आणि पुष्कळदा कायमचा. ज्याची गाडी पहिल्या दमात सुरू व्हायची, तो बिचारा फाटकाबाहेर जाऊन डोळे पुसायचा, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

त्याच्या कितीतरी वर्षं आधी मी घर सोडून गाडीत राहायला निघालो तेव्हा अण्णा याच ओट्यावर उभे होते. त्या दिवशी गाडी पहिल्या दमात सुरू झाली होती.

हे सगळं मी मालनला सांगितलं. तिनं कागदाची घडी उलगडून बघितली.

“कॅलेंडर तर आपल्या गाडीतही आहे,” ती म्हणाली.

निघणं दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी झकास सुरू झाली. अण्णा ओट्यावरून बघत होते. मी मनात म्हटलं, संपलं, म्हाताऱ्याला एकाच खोडीइतकं प्रेम होतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो आणि गाडी दोन आचके देऊन बंद. गिरणीवाल्यानं आणि दळणाला आलेल्या चार बायांनी ढकलत परत अंगणात आणली. बायांच्या हाताचं पीठ मागच्या दारावर उमटलं होतं, ते पुढं तीन पावसाळे गेलं नाही.

“काय झालं रे?” अण्णांनी विचारलं.

“डिझेलमध्ये हवा धरली. एक नट अर्धा आटा ढिला होता.”

“असं होय.”

“रात्री घट्ट होता.”

“आटे ढिले व्हायचेच. जुनी झाली गाडी.” आणि म्हातारा दात कोरत आत गेला. चौकटीला हात लावत.

मालननं मला गाडीत बोलावलं आणि पडदा ओढून घेतला.

“खरं सांगा. या दोन्ही तुमच्या नाहीत कशावरून?”

“तुझी शपथ.”

“माझी नको. मशिनीवर हात ठेवा.”

मी तिच्या मशिनीवर हात ठेवला आणि म्हणालो, दोन्ही माझ्या नाहीत. तिनं माझा हात मशिनीवरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “ऐका. मला या घरात राहायचं नाही. मला कुठल्याच घरात राहायचं नाही. मी चार भिंतींत वाढले, मला पुरे झालं. पण ते माणूस वयानं मोठं आहे आणि तोंडानं मागायची त्याला सवय नाही. त्यांनी तिसरी खोडी काढली, तर मी समजेन की त्यांनी मागितलं. मग मी स्वतः हा पडदा काढीन आणि आत खिडकीला लावीन. एक शब्द बोलणार नाही, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. पण उद्या गाडी सुरू झाली, तर सेलूचा बाजार धरायचा. आणि हा विषय परत काढायचा नाही.”

“आणि अण्णा?”

“वर्षातून दोनदा येऊ की.”

झालं. म्हणजे आता माझं पुढचं सगळं त्या म्हाताऱ्याच्या हातात. त्यानं पाना उचलला तर घर, नाही उचलला तर रस्ता. आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही. सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगून काढलेल्या खोडीला काय किंमत?

त्याच दुपारी मला वास आला. गॅसचा. मालन आणि मी दोघंही आत धावलो. शेगडीचं बटण उघडं, वर भांडं नाही, जाळ नाही, आणि अण्णा शेजारी स्टुलावर बसलेले, हातात काड्यापेटी. काडी बाहेर काढलेली होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

मालननं हलक्या हातानं काडी घेतली, मग पेटी घेतली. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली.

“चहा करायचा होता,” अण्णा म्हणाले. “की झाला होता?”

“करते मी,” मालन म्हणाली.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “हेही खोड्यांतलंच असेल.” पण ते तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं.

“असेल,” मी म्हणालो.

चहा झाला. मी अण्णांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, “उद्या सकाळी नक्की निघतो अण्णा. गाडी आता एकदम नीट आहे. केबिनचं दार लागत नाही नीट, उघडंच राहतं, तेवढं सेलूला गेल्यावर बघीन.” यापेक्षा उघड बोलावणं मी काय देणार होतो? त्यांची हत्यारांची पिशवी खुंटीवर होती, ती मी उतरवून ओट्यावर त्यांच्या पायाशी ठेवली. म्हटलं, खुंटी हलतेय.

म्हाताऱ्यानं पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. उठला, आत गेला, आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आला. “मालन, ही गाडीत ठेव. वाटेत भाकरीबरोबर होईल.” मग करगोट्याची किल्ली सोडून कपाट उघडलं, आईची एक शाल काढली आणि तीही तिच्या हातात दिली. “रात्री गाडीत गार लागत असेल.”

एवढा लबाड माणूस मी बघितला नाही. मला वाटलं, हा आपल्याला झुलवतोय. निरोप दिल्याचं दाखवतोय आणि आतून डाव टाकतोय. गॅरेजात असंच करायचे म्हणे, तिसऱ्या खोडीआधी ड्रायव्हरला हार घालायचे.

संध्याकाळकडे मालन दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेली. अण्णा अंघोळीला म्हणून न्हाणीत शिरले. मी ओट्यावर जरा आडवा झालो आणि माझा डोळा लागला. आणि इथंच, जावईबापू, त्यांनी साधलं. त्या दिवशी ते न्हाणीत फार वेळ होते. सात माणसांच्या अंघोळी व्हाव्यात एवढा वेळ.

सकाळी मालननं माझ्याआधी उठून अंगण झाडलं. परक्याचं अंगण सोडताना झाडून जायची तिची रीत. पुढं बसली. शाल मांडीवर. अण्णा ओट्यावर उभे. मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पेटेना. परत मारला. परत. मग दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचललं. डिझेलच्या नळीचा बोल्ट जागेवर नव्हता. नळी नुसती लोंबत होती.

मालन खाली उतरली. मीही उतरलो. मी ओट्यापाशी गेलो आणि हात पुढं केला.

“अण्णा, द्या.”

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे, इतका वेळ, की माझा हात दुखायला लागला. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या मालनकडे. मग त्यांनी बंडीचा डावा खिसा चाचपला. उजवा चाचपला.

“हरवला,” ते म्हणाले.

“कुठं?”

“काढला मी काल. कुठं ठेवला आठवत नाही.” त्यांनी ओट्याच्या खांबाला हात लावला. “म्हातारा झालो की मी.”

जावईबापू, अण्णा हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मालननं ते ऐकलं. ती वळली, गाडीच्या मागं गेली, आणि आतून पडद्याच्या तारेचा खिळा उपसल्याचा आवाज आला. पडदा घेऊन ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीला लावला. तो एक वीत कमी पडला.

“आखूड होतोय,” अण्णा दारातून म्हणाले.

“जोडीन,” मालन म्हणाली.

अशी आमची गाडी संपली. मशीन दुरुस्तीचं दुकान पुढच्या खोलीत मांडलं, ते अजून आहे. गाडी एका कुल्फीवाल्यानं नेली. अजून रात्रीबेरात्री ती आपल्या आपण चालू होते आणि बार्शीच्या दिशेनं तोंड करते, असं तो सांगतो.

निनादनं मोबाइल केव्हाच खिशात घातला होता. तो आरामखुर्चीकडे बघत होता. “पण काका, त्या वयात? तो बोल्ट काढायला केबिनमध्ये चढायचं, वाकायचं…”

एवढा चांगला श्रोता मिळाल्यावर माणसानं हात आखडता घेऊ नये. “चढायचं? अहो, उडी मारून गेले. न्हाणीच्या मागच्या दारानं निसटले, मांजरासारखे, पाना दातात धरलेला. दोन बोटांनी बोल्ट सोडवला, परत न्हाणीत, वर आणखी चार तांबे अंगावर घेऊन बाहेर. माझ्या डोळ्याला डोळा लागलेला, तरी पाण्याचा थेंब माझ्या कपाळावर पडला तो मला अजून…”

“न्हाणीला मागचं दार कधी होतं?” मालन म्हणाली.

“तेव्हा होतं. नंतर बुजवलं.”

“मी आल्यापासून तर नाही.”

“तू यायच्या आदल्या… अगं, गोष्टीत एवढं दार कुणी बघतं का?”

मालनच्या हातातली शेंग मोडायची राहिली होती. द्वारकाकाकू उगीचच शेवग्याकडे बघायला लागल्या. आणि आरामखुर्चीतून, डोळे मिटलेलेच ठेवून, अण्णा बोलले.

“पहिल्या दोन माझ्या.”

सगळे तिकडे वळले.

“तिसरी माझी नाही.”

“अण्णा,” मी म्हणालो, “तुम्ही विसरलात. वय झालं. झोपा तुम्ही.”

“थांबा हो तुम्ही जरा,” मालन मला म्हणाली. शेंगांचं सूप तिनं बाजूला सारलं आणि खुर्चीजवळ गेली. “अण्णा, काय म्हणालात?”

“मी नाही काढली तिसरी. तुझा जीव गाडीत होता, मला दिसत होतं की. मी ठरवलं होतं, जाऊ द्यायचं. चटणी दिली, शाल दिली.” त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. “मी न्हाणीत होतो. झरोक्यातून सगळं अंगण दिसतं. विश्या, तू पाना उलटा फिरवत होतास. तीनदा उलटा फिरवलास. मला आतून ओरडावंसं वाटत होतं.”